केस लावण्याआधी साठ पायऱ्या मोजा

गेल्या दोन वर्षांत तरुण पोरांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न बढतीचा नाही, पोस्टिंगचा नाही आणि कर्जाचाही नाही. "साहेब, हेअर ट्रान्सप्लांट करून घेऊ का?" हा तो प्रश्न. कुणी कॅन्टीनच्या मागे बाजूला घेऊन विचारतं, कुणी रात्री अकराला फोन करतं. विचारताना आवाज असा, जणू काही गुन्हाच कबूल करतोय. परवा माझ्या सख्ख्या भाच्यानेही विचारलं. तो अग्निवीर आहे, राजस्थानात पोस्टिंग. "मामा, पुढचं रान मोकळं व्हायला लागलंय. सेवानिधी हातात आला की पहिलं हे काम उरकतो. आईला सांगू नका."

माझं उत्तर सगळ्यांना एकच असतं. तिशीच्या आत शक्यतो नको. आणि तिशीनंतर करायचंच असेल, तर आजच्या आरशात बघून ठरवू नको, साठीतल्या डोक्याचा हिशोब मांडून ठरव. हे उत्तर फोनवर दोन मिनिटांत पटत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

मी सध्या तमिळनाडूत कुंभकोणमला आहे, एनसीसीच्या कामावर. कॉलेजच्या पोरांना ड्रिल शिकवायचं, कॅम्प लावायचे. तंजावरपासून चाळीसेक किलोमीटरवरचं, कावेरीकाठचं हे देवळांचं गाव. लांबचा हिशोब म्हणजे काय, हे मला इथे राहून जास्त कळलं, कारण या गावाचं घड्याळच वेगळं आहे. गावाच्या मधोमध महामहमचा मोठा तलाव आहे. गुरू सिंह राशीत आला की माघ महिन्यात इथे महामहमचं स्नान होतं. आपल्या नाशिकच्या सिंहस्थाचा जो हिशोब, तोच हा. १९९२, २००४, २०१६ असे महामहम झाले, पुढचा २०२८ ला. इथली म्हातारी माणसं वय सांगताना साल सांगत नाहीत, "त्या महामहमला मी एवढा होतो" असं सांगतात.

गावापासून थोड्याच अंतरावर स्वामीमलै आहे. मुरुगनच्या, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीच्या, सहा मोठ्या स्थानांपैकी हे एक. वर देवापर्यंत जायला साठ पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी एकेका संवत्सराची. प्रभव, विभव ही आपल्या पंचांगातलीच साठ नावं. देवाला जायचं तर साठ वर्षं पायाखालून घालायची. केसांचा निर्णयसुद्धा असाच घ्यायला हवा असं माझं म्हणणं आहे.

आता मुळात टक्कल का पडतं ते बघू. आपल्या फौजेत एक पक्का समज आहे की हेल्मेटमुळे केस जातात, नाहीतर बोअरच्या खाऱ्या पाण्यामुळे जातात. घाम, कोंडा, खाज यांचा त्रास खरा आहे. पण कपाळाच्या दोन कोपऱ्यांतून आत शिरणारं आणि टाळूवर गोल पसरणारं टक्कल हेल्मेटने पडत नाही. ते अनुवंशिक असतं, आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. पुढच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळं त्याला बळी पडतात, वर्षावर्षाने बारीक होत जातात आणि शेवटी केस दिसेनासा होतो. कानांच्या वरचा आणि मागचा पट्टा मात्र बहुतेकांच्या बाबतीत तग धरतो. गावाकडच्या टकल्या आजोबांच्या डोक्याला मागे झालर असते ती याच कारणाने.

न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राईच यांनी १९५० च्या दशकात याच गोष्टीचा उपयोग केला. मागचा केस मुळासकट काढून पुढे लावला, तर तो पुढे जाऊनही मागच्यासारखाच वागतो, टिकतो, हे त्यांनी दाखवलं. आजचं सगळं हेअर ट्रान्सप्लांट याच तत्त्वावर उभं आहे. त्यामुळे "लावलेले केस टिकतात" ही जाहिरात बऱ्याच अंशी खरी आहे. अर्धवट गोष्ट पुढे सुरू होते.

इथे स्वामीमलैला रोज माणसं मोट्टै करून घेतात. मोट्टै म्हणजे मुंडन. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे डोकं तासून, चंदन लावून हसत बाहेर येतात. महिन्याभरात खुंट येतात, सहा महिन्यांत भांग पाडता येतो, कारण वस्तऱ्याने केस कापला जातो आणि मूळ आत राहतं. ट्रान्सप्लांटमध्ये मूळच उचललं जातं. जिथून उचललं तिथे पुन्हा केस येत नाही. एकूण केस एकानेही वाढत नाहीत, फक्त जागा बदलतात. मागच्या चौकीतले जवान उचलून पुढच्या चौकीत नेले, एवढंच.

आणि मागच्या चौकीत जवान मोजके असतात. ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांचा एक झुपका. मागच्या सुरक्षित पट्ट्यातून, तो पट्टा विरळ दिसू न देता, आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट काढता येतात. कुणाचे कमी, कुणाचे थोडे जास्त. पूर्ण टक्कल पडलेलं डोकं दाट भरायला एवढे कधीच पुरत नाहीत. म्हणजे हा राखीव साठा एकदाच मिळालेला आहे, नवी कुमक येणार नाही.

फौजेत राखीव दल कधी उतरवायचं हे सेक्शन कमांडरपासून जनरलपर्यंत सगळ्यांना शिकवतात. लढाईचं चित्र स्पष्ट होण्याआधी ज्याने रिझर्व्ह टाकला, त्याच्याकडे खऱ्या हल्ल्याच्या वेळी काहीच उरत नाही. बाविशीतल्या पोराच्या डोक्यावरची लढाई नुकती सुरू झालेली असते. केस फक्त कोपऱ्यांतून जाणार की थेट मागच्या झालरीपर्यंत पोचणार, हे त्या वयात कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशा वेळी तीन हजार ग्राफ्ट खर्चून विशीतली कपाळाची रेघ परत आणली, तर लावलेले केस टिकतात आणि त्यांच्या मागचे मूळचे केस जात राहतात. चाळिशीला पुढे केसांचं बेट, मागे मोकळं मैदान आणि भरायला शिलकीत काही नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. माझ्या पलटणीतल्या एका जोडीदाराने पंचविसाव्या वर्षी, लग्नाआधी, ट्रान्सप्लांट केलं. पट्टी कापून काढायच्या जुन्या पद्धतीने केलं. लग्नाचे फोटो झकास आले, यात वाद नाही. पण फौजी कटिंगमध्ये मागे मशीन फिरलं की कानापासून कानापर्यंत शिवणीची पांढरी रेघ दिसायची. न्हावी विचारायचा, नवीन पोरं विचारायची. पस्तिशीत टाळू मोकळी झाली. आणि मग त्याचे वडील वारले. दहाव्याला नदीवर बसून त्याने डोक्यावरचे केस काढले आणि सगळ्या भावकीसमोर ती शिवण उघडी पडली. घरात बायकोलाच तेवढं माहीत होतं. तो मला म्हणाला, "बापाच्या दहाव्याला लोक माझ्या बापाकडे बघायचे सोडून माझ्या डोक्याकडे बघत होते."

आता एकेक मूळ वेगळं काढायची एफयूई पद्धत आली आहे, तिची शिवण राहत नाही. पण बारीक पांढरे ठिपके राहतात, आणि जास्त काढले की बारीक कटिंगमध्ये मागचा भाग वाळवी लागल्यासारखा दिसतो. आपण फौजी माणसं, आयुष्याची निम्मी वर्षं आपली मान आणि डोक्याची मागची बाजूच जगाला दिसते. "मागचं कुणाला दिसणार नाही" हे वाक्य लांब केस ठेवणाऱ्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. तंत्र नवीन आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. १९६० आणि ७० च्या दशकात बाहुलीच्या केसांसारखे जाड पुंजके लावायचे, तेही तेव्हाचं अद्ययावत तंत्रच होतं. ते दुरुस्त करून घ्यायला माणसं पुढे वर्षानुवर्षं डॉक्टरांकडे खेटे घालत राहिली.

आता भाच्याचा हिशोब महामहमच्या फुटपट्टीवर मांडतो. गुरूची फेरी बारा वर्षांना किंचित कमी पडते, पण ढोबळ हिशोबाला चालेल. तो जन्मला २००४ ला, महामहमच्याच साली. २०१६ च्या महामहमला तो बारा वर्षांचा होता. २०२८ ला चोवीस वर्षांचा होईल. पुढचे महामहम साधारण बारा-बारा वर्षांनी धरले तर २०४० ला छत्तीस, २०५२ ला अठ्ठेचाळीस आणि २०६४ ला साठ. पाच महामहम म्हणजे स्वामीमलैच्या बरोबर साठ पायऱ्या. त्याचा सगळा विचार चोवीसच्या पायरीवर थांबला आहे, कारण तिथे लग्न आहे. त्याच्या वरच्या छत्तीस पायऱ्या त्याच डोक्याने चढायच्या आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. क्लिनिकचा माणूस तर सांगणारच नाही. त्याचा हिशोब ग्राफ्टवर असतो आणि महिनाअखेरीला पुरा व्हायचा असतो.

पैशाचंही बोलू. अग्निवीराला चार वर्षांनी सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी मिळतो. त्यातला निम्मा त्याच्याच पगारातून महिन्याला ३० टक्के कापून साठलेला असतो. चारातल्या एकालाच पुढे कायम होता येतं, बाकीच्यांना तेविशी-चोविशीत दुसरं आयुष्य उभं करायचं असतं. शिक्षण, दुकान, गाडी, बहिणीचं लग्न, सगळं त्याच पैशावर. त्यातले लाख-दीड लाख डोक्याला लावले तर बाकीचं थांबतं. शिवाय हा खर्च एकदाच होत नाही. मूळचे केस टिकवायला औषधं चालू ठेवावी लागतात आणि काही वर्षांनी दुसरी बैठक लागते. पहिल्या बैठकीला पैसे आहेत पण दुसरीला असतील की नाही माहीत नाही, अशा माणसाने पहिली करूच नये. अर्धवट राहिलेलं घर न बांधलेल्या घरापेक्षा वाईट दिसतं.

मग करायचं काय? आधी निदान. ताप, टायफॉइड, डेंगी, मोठी शस्त्रक्रिया, कडक प्रशिक्षण किंवा एकदम वजन उतरणं, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात आणि बहुतेक वेळा सहा-आठ महिन्यांत आपोआप परत येतात. थायरॉइड आणि लोहाची कमतरता हीही कारणं असतात. एमएचमध्ये त्वचारोगतज्ज्ञ असतात, त्यांना दाखवायला लाजू नका. अनुवंशिक टक्कल असेल तर मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराईड ही दोन औषधं बरीच वर्षं वापरात आहेत. लवकर सुरू केली तर बऱ्याच जणांची गळती थांबते किंवा मंदावते. परिणाम कळायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि बंद केलं की मिळवलेलं परत जातं.

फिनास्टेराईड मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. थोड्या जणांना लैंगिक त्रास होतो, काहींचं मन उदास राहतं. मित्र घेतो म्हणून आपण घ्यायचं हे औषध नाही. फौजीसाठी एक खास गोष्ट: हे औषध चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना रक्तदान करायचं नसतं, कारण ते रक्त गरोदर बाईला गेलं तर पोटातल्या मुलग्याला अपाय होऊ शकतो. युनिटमध्ये रक्तदान शिबिराला आपण रांगेत पहिले उभे राहतो, तेव्हा हे तोंड उघडून सांगायला हवं. निवृत्त मंडळींनीही लक्षात ठेवा. प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना हे औषध घेत असल्याचं डॉक्टरांना सांगा, नाहीतर आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

दोन वर्षं औषध घेऊन, टक्कल कुठे थांबतं ते बघून, तरीही करायचं असेल तर कोण करणार हे बघा. २०१६ मध्ये याच तमिळनाडूत, चेन्नईला हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलेल्या बावीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याचा त्यानंतर मृत्यू झाला. त्या जागेला परवाना सलूनचा होता असं पुढे आलं. डॉक्टर होऊ घातलेला पोरगा फसतो, तिथे आपली काय कथा? २०२४-२५ मध्ये कानपूरला दोन अभियंते असेच गेले आणि गुन्हा दाखल झाला तो एका दंतवैद्यावर. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगून ठेवलं आहे की हे काम शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावं, आणि यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत बघून घेतलेलं शिक्षण पुरेसं नाही.

खुर्चीत बसण्याआधी हे प्रश्न विचारा. भूल कोण देणार, चिरा कोण पाडणार, डॉक्टर पूर्ण वेळ खोलीत असणार का? काही बिघडलं तर कुठल्या रुग्णालयात नेणार? माझ्या मागच्या पट्ट्यात एकूण किती ग्राफ्ट आहेत, आज किती काढणार आणि उद्यासाठी किती ठेवणार? माझा पट्टा भिंगाखाली तपासला का? कारण काहींचा मागचा पट्टाही विरळ होत जातो, आणि तिथून काढलेला केस पुढे जाऊनही टिकत नाही. आणि शेवटचा प्रश्न: मी पन्नाशीला कसा दिसेन? या प्रश्नावर जो डॉक्टर कागद ओढून डोक्याचं चित्र काढायला लागतो, त्याच्याशी पुढे बोला. जो "आज बुक केलं तर वीस टक्के सूट" म्हणतो, त्याच्या दारातून सरळ बाहेर या.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकून घेतो. "साहेब, तुम्हाला काय जातंय सांगायला. तुमचं लग्न होऊन वीस वर्षं झाली." हे खरं आहे. माझं डोकं पस्तिशीतच मोकळं झालं, पण तोवर दोन पोरं झाली होती. आजचा मुलगा स्थळ बघायला जातो त्याआधी त्याचा फोटो मोबाईलवर जाऊन आलेला असतो. चार महिन्यांनी मिळणाऱ्या पंधरा दिवसांच्या सुट्टीत मुलगी बघायची आणि टोपी काढल्यावर समोरच्या बाईचा चेहरा पडलेला बघायचा, हे सोपं नाही. त्या पोरांची चेष्टा करणाऱ्यांचा मला राग येतो. बॅरेकमध्ये "चांदोबा" म्हणून हाक मारणारे आपणच आणि तो क्लिनिकमध्ये गेला की हसणारेही आपणच. सिनियर मंडळींनी ही चेष्टा बंद केली तर निम्मी ट्रान्सप्लांट आपोआप पुढे ढकलली जातील.

आणि ज्याचं वय चाळिशीच्या आसपास आहे, टक्कल आठ-दहा वर्षं एकाच जागी थांबलंय, मागचा पट्टा दाट आहे, पैसा कर्जाचा नाही, त्याने अवश्य करावं. निवृत्तीनंतर दुसरी नोकरी धरताना आत्मविश्वास वाटतो म्हणून केलं तरी त्यात कमीपणा नाही. बीपी, साखर, रक्त पातळ करायची गोळी, सगळं डॉक्टरला सांगा आणि कपाळाची रेघ वयाला शोभेल एवढीच मागा. माझा विरोध घाईला आहे, इच्छेला नाही.

कुंभकोणमपासून पूर्वेला, समुद्राच्या बाजूला, तिरुक्कडैयूर नावाचं गाव आहे. तिथल्या देवळात साठी पूर्ण झालेली जोडपी पुन्हा लग्न लावतात, आपल्या षष्ट्यब्दीपूर्तीसारखंच. एका सकाळी कित्येक नवरदेव शेजारी शेजारी हार घालून बसलेले असतात. कुणाचं डोकं पांढरं, कुणाचं चकचकीत, कुणाच्या मागे झालर. शेजारी बसलेली बाई चाळीस वर्षांपूर्वी त्याच माणसाला पसंत करून बसलेली असते आणि आज त्याच्या मोकळ्या डोक्यावरच्या अक्षता बोटांनी झाडत असते. भाच्याला मी त्या नवरदेवांचा फोटो पाठवला आहे आणि सांगितलं आहे, डिसेंबरच्या सुट्टीत आधी इकडे ये. साठ पायऱ्या सोबत चढू, मग एमएचच्या डॉक्टरकडे जाऊ, आणि निर्णय २०२८ च्या महामहमनंतर घेऊ. तोपर्यंत सेवानिधी बँकेत राहू दे आणि मागचे केस मागेच राहू दे.

जय हिंद.